ओळीच्या शेवटी चिकटलेलं शेपूट

गुणमाला आवटींना टायपिंग येतं, हे त्यांच्या सासरच्या गावात कितीतरी वर्षं कुणाला ठाऊकच नव्हतं. माहेर समडोळीचं. लग्नाआधी त्या रोज एसटीनं सांगलीला जाऊन टायपिंगच्या क्लासला बसायच्या. मिनिटाला तीस शब्दांच्या मराठी आणि इंग्रजी, दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास. इंग्रजीचं त्यांचं वेगळंच होतं. ते हाताला यायचं, डोक्याला कमी. अर्थ कळो न कळो, अक्षर मात्र चुकायचं नाही. मास्तर त्यांचा कागद तपासायला लाल पेन घेऊन बसायचे आणि पेन न वापरताच खाली ठेवायचे.

पुढं लग्न झालं. कवठे महांकाळजवळच्या गावात सुकुमार आवटींच्या घरी त्या आल्या, आणि द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं यात बोटं दुसऱ्याच कामाला लागली.

एकुलती लेक ब्राह्मी कराडला इंजिनिअरिंगला गेली. कॉलेजसाठी तिनं लॅपटॉप घेतला आणि बारावीत असताना घेतलेला कॉम्प्युटर बाहेरच्या सोप्यात तसाच राहिला. एका दुपारी गुणमालांनी त्याच्यावरचं कापड काढून कीबोर्डवर बोटं ठेवली. बोटं आपापल्या जागा विसरली नव्हती. सुट्टीला आलेल्या ब्राह्मीनं टाइपरायटरच्या मांडणीचं मराठी त्यात घालून दिलं, आणि तालुक्याच्या गावातल्या छापखान्याचे वाजिद मुल्ला त्यांच्याकडं काम पाठवू लागले. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, भजनी मंडळाची पत्रकं. "काकींचं काम तपासावं लागत न्हाई," असं वाजिद गिऱ्हाइकांना सांगायचे. ते कानावर आलं की गुणमाला चुलीपुढंसुद्धा हसायच्या.

मग गावातल्या शाळेची स्मरणिका निघायची ठरली. सगळं टायपिंग गुणमालांकडं आलं. माजी शिक्षकांपैकी काहींनी लेख मेलवर पाठवले होते, पण ते जुन्या फॉन्टमधले. उघडले की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आणि कंस दिसायचे. गुणमालांनी त्या फॉन्टचं नाव शोधलं. एक साइट सापडली. तिच्यावर मोठं हिरवं बटण होतं, ते त्यांनी दाबलं. पुढं एकामागून एक खिडक्या आल्या, प्रत्येकीत आधीच बरोबरच्या खुणा केलेल्या. त्या न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेल्या. फॉन्ट आला. लेख वाचता यायला लागले. त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तर नेहमीच्या पानाऐवजी कुठलंतरी अनोळखी शोधाचं पान उघडलं. मेल उघडावा तर शेजारी वजन घटवायच्या पावडरी, पत्त्यांचा जुगार आणि नको तसली बायकांची चित्रं. एक शब्द शोधावा तर भलतंच काही दाखवायचं. आणि मग आख्खा पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा.

भोंगा ऐकून सुकुमार शेडातून धावत आले. पडदा बघून त्यांनी खिशातला मोबाइल काढला.

"नंबर सांग गं."

"आवं, ठेवा त्यो फोन."

"का? त्येच म्हणत्यात फोन करा म्हणून."

"आपल्या सोप्यात काय शिरलंय ते त्येस्नी तिकडं बसून कसं कळलं? ज्यानं भोंगा वाजवलाय त्येलाच फोन लावायचा व्हय?"

सुकुमारांनी जरा विचार केला आणि फोन खिशात घातला. मग त्यांनी सांगलीच्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो सरळ माणूस होता. म्हणाला, सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल, आठवडाभर ठेवून जा. गुणमालांनी ऐकून घेतलं. आठवडाभर म्हणजे स्मरणिका लांबणार. त्याहून त्यांना दुसरंच लागलं होतं.

"त्या फॉन्टसंगं मी हातानं आत घेतलंय," त्या म्हणाल्या, "मीच बाहीर घालवती."

पहिल्यांदा त्यांनी स्मरणिकेचं सगळं काम पेनड्राइव्हवर काढून तो कपाटात ठेवला. मग ब्राह्मीला फोन लावला. लेकीची परीक्षा तोंडावर होती.

"आई, तू करशील गं, पण लय किचकट असतंय ते. मी आल्यावर बघू."

"पहिली पायरी तेवढी सांग. पुढचं मी बघती."

ब्राह्मीनं सांगितलं. कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामांची यादी उघड, ती तारखेवर लाव, आणि फॉन्ट घेतला त्या दिवशी आणखी काय काय आत आलं ते बघ. गुणमालांनी बघितलं तर फॉन्टसोबत तीन अनोळखी पाहुणे त्याच दिवशी येऊन बसले होते. एक खरेदीत सवलत देतो म्हणणारा, एक कॉम्प्युटर वेगवान करतो म्हणणारा आणि एक नुसताच इंग्रजी नाव घेऊन बसलेला. काढायला गेल्यावर प्रत्येकानं 'खरंच जायचं का, इतक्यात का' असं दहादा विचारलं. या खेपेला त्यांनी एकेक ओळ वाचली. एका खिडकीत तर 'राहू द्या'चं बटण मोठं आणि 'काढा'ची अक्षरं फिक्कट, दिसू नयेत अशी. मोबाइलवर शब्दांचे अर्थ बघत बघत त्यांनी तिघांनाही घालवलं. इंटरनेट उघडायचा प्रोग्राम म्हणजे ब्राउझर, त्याला चिकटलेली जादा जोडणी काढली, शोधाचं पान पूर्वीचं केलं.

कॉम्प्युटर बंद करून लावला. ब्राउझर उघडला. तेच पान पुन्हा समोर.

त्या दिवशी जेवण झाल्यावर त्या मोबाइलवर मदतीची पानं शोधत बसल्या.

सकाळची कामं आवरून त्या पुन्हा बसल्या. मोबाइलवर एक मदतीचं पान उघडून ठेवलं होतं. इंग्रजी अवघड होतं, पण एक गोष्ट त्यांना कळली. ब्राउझरचं चित्र पडद्यावर असतं, ते म्हणजे खरा प्रोग्राम नव्हे, त्याच्याकडं जायची नुसती वाट. त्या वाटेत काही घातलंय का बघा, असं लिहिलं होतं. त्यांनी चित्रावर उजवं बटण दाबलं, 'प्रॉपर्टीज' उघडलं. 'टार्गेट' नावाच्या चौकटीत एक लांबलचक इंग्रजी ओळ होती. दिसायला ठीक. पण चौकट लहान, ओळ मोठी, शेवट आत दडलेला. गुणमालांनी कर्सर धरून ओळीच्या टोकापर्यंत नेला आणि टायपिंगच्या क्लासात वाचायच्या तशी ती अक्षर-अक्षर वाचली. प्रोग्रामचं नाव संपलं, अवतरणचिन्ह बंद झालं. तिथं ओळ संपायला हवी होती. पण पुढं एक मोकळी जागा होती आणि त्या जागेनंतर एका साइटचा पत्ता. तेच अनोळखी पान.

त्या खुर्चीत मागं टेकल्या. टाइपरायटरमधून कागद काढल्यावर शेवटच्या ओळीत एखादं जादा अक्षर दिसावं, तसं त्यांना ते स्वच्छ दिसत होतं. त्यांनी अवतरणचिन्हापर्यंतची ओळ तशीच ठेवली आणि मागचं शेपूट पुसलं. खालच्या पट्टीतल्या चित्रातही तसलंच शेपूट निघालं. तेही पुसलं.

कॉम्प्युटर लावला. पूर्वीचं पान आलं. कोपऱ्यातून मात्र मधूनच जुगाराची जाहिरात डोकावायची. तिचा माग काढला, तर कधीतरी एका साइटला सूचना पाठवायला 'अलाऊ' म्हटलेलं सापडलं. ती परवानगीही त्यांनी काढून घेतली. मग कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असलेल्या राखणदाराला, म्हणजे व्हायरस हुडकणाऱ्या प्रोग्रामला, सगळं तपासायला लावलं. दोन चिंध्या त्यानं शोधल्या आणि टाकून दिल्या. शेवटी ब्राह्मीच्या सांगण्यावरून मोबाइलवरून मेलचा पासवर्ड बदलला.

संध्याकाळी त्यांनी ब्राह्मीला सगळं सांगितलं. टार्गेटच्या ओळीचं ब्राह्मीनं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"आई, ते मी सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नसतं."

"तू कशाला सांगतीस. तुझी परीक्षा हाय." गुणमाला एवढंच म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्या उगाचच अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, आणि समोरून आलेल्या शेजारणीनं "काय वो, आज लय खुशीत?" म्हणून विचारलं, तर तिलाही सगळं सांगितलं. शेजारणीला त्यातलं काही कळलं नाही, तरी ती शेवटपर्यंत थांबली.

स्मरणिका ठरल्या दिवशी निघाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाजिदचा फोन आला. त्यांच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरलाही तसलंच काहीतरी लागलं होतं.

"काकी, तुमी आलासा तर लय उपकार व्हतील."

सुकुमारांनी हातातलं काम टाकून गाडी काढली. एरवी तालुक्याला जायचं म्हटलं की त्यांची शंभर कारणं असायची. छापखान्यात गुणमालांनी खुर्ची घेतली नाही. वाजिदलाच बसवलं आणि मागं उभं राहून सांगत गेल्या. तारखेवर लावा. हे कवा आलं, ते आठवा. आता फिकट अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, घाई करू नगा. टार्गेटची ओळ आली तेव्हा वाजिद म्हणाले, "ठीक दिसतीय की."

"टोकापातुर जावा."

वाजिद टोकापर्यंत गेले आणि थांबले. मग त्यांनी मान मागं वळवून गुणमालांकडं बघितलं, आणि शेपूट पुसलं.

सुकुमार दारात उभे होते. शेजारच्या दुकानातला ओळखीचा माणूस विचारत होता, "काय आवटी, आज हितं कसं?"

"मालकिणीला कामावर बोलावलंय," सुकुमार म्हणाले. "कॉम्प्युटर दुरुस्तीला. मी आपला गाडी घिऊन आलोय."

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, "ते शेपूट म्हंजी नेमकं काय असतंय गं?" आणि गुणमालांनी मागं बसून, वाऱ्यात ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.