सुकाणू कोणतं लावायचं?

नागपूरले समुद्र नाही, तरी आमचा शिडाच्या बोटींचा क्लब आहे, म्हटलं की लोक आधीच हसतात. पुढचे किस्से मग आपोआप जमत जातात. त्यातले हे एकाच सुकाणूचे.

आमच्या क्लबातल्या मृणालच्या बोटीचं सुकाणू तलावातल्या दगडावर आपटून तडकलं. पंधरा दिवसांवर राज्याच्या टीमची निवड, आणि वयाच्या अटीमुळे पोरीचा हा शेवटचा चान्स! दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं? एवढंच ठरवायचं होतं. आमची मीटिंग तीन तास चालली. ठरलं काय, तर पुन्हा मीटिंग घ्यायची!

*

कळमेश्वरच्या एका फायबरच्या टाक्या बनवणाऱ्याकडे मी ते घेऊन गेलो. त्यानं वाजवून पाहिलं. "नवीनच घ्या साहेब, याच्यात दम नाही."

मग नवीन विकणाऱ्या पुण्याच्या दुकानदाराले फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "अहो, नवीन कशाला? मस्त रिपेअर होईल!"

माझं तर डोकंच चालेना.

*

विठ्ठलभाऊ आमच्यातले सर्वांत जुने, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले फिटर. ते भडकले, "बदलाची भाषा काहून करता गा? नोकरीभर मी एक पंप बदलू नाही दिला!"

"चालत होता का?" मी विचारलं.

"चालाचं सोडा. बदलला नाही!"

आणि ते तडकलेलं सुकाणू चिकटवायले घरी घेऊन गेले.

*

आमचे कोच, देशकर सर, नव्याच्या बाजूचे. त्यांनी नंदनवनातल्या सुताराले सांगितलं, "एकदम मजबूत पाह्यजे." त्यानं सागवानाचं केलं, पॉलिश मारलं, वरून कडी-कोयंडा ठोकला! सर ओरडले तर म्हणतो, "मजबूत म्हणालात ना?"

*

मृणालनं बिचारीनं एकदा विचारलं, "मी काय करू?"

"तू प्रॅक्टिस कर!" विठ्ठलभाऊ अन् सर, दोघंही एकदम ओरडले.

*

निवडीच्या सकाळी विठ्ठलभाऊ जुनं घेऊन धक्क्यावर हजर, सर नवीन घेऊन हजर. "हे लावू!" "नाही, हे!" मी मधात. शिट्टी कधी वाजली, बोटी कधी सुटल्या, आम्हाले पत्ताच नाही.

तेवढ्यात मृणाल ओलीचिंब धावत आली, रडतच. "काका, सर, झालं सिलेक्शन!"

माझे डोळेच भरून आले. विठ्ठलभाऊंनी आपलं सुकाणू काखेत मारलं, सरांनी आपलं भिंतीले टेकवलं, आणि दोघांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

मग विठ्ठलभाऊंनी हळूच विचारलं, "पण पोरी, बोटीले लावलं कोनतं होतं वं?"