जुन्या मापाची गोळी

हां, तर त्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! आणि शिवणारे कोण? आमचे व्याही, ज्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते. उभा जन्म कात्री चालवलेला माणूस. गिऱ्हाईक हसलं, पण आमच्या जावयाच्या काळजात चर्र झालं.

कारण अलीकडे मास्तर भरदुपारी मशीनवर पेंगायचे, भिंत धरून चालायचे, बोलता बोलता शब्द हरवायचे. "म्हातारचळ," शेजारी म्हणाले. जावयाने कात्री कपाटात ठेवली आणि दुकानाला कुलूप घालायचं ठरवलं. आता कात्री गेल्यावर मास्तर काय उरणार? रिकामं रीळ!

माझी लेक मात्र सासऱ्यांची लाडकी. उशाखालची सगळी औषधं पिशवीत घालून तिने त्यांना दवाखान्यात नेलं. मीही गेलो, फुकटचा तमाशा कोण सोडतो! डॉक्टरीणबाईंनी एक पाकीट उचललं.

"झोपेची गोळी कधीपासून?"

"आमची मंडळी गेली तेव्हापासून. वीसेक वर्षं झाली. पण कणभर वाढवली नाही हो!"

"गोळी तीच राहिली, शरीर राहिलं का? वयाबरोबर अंगातलं पाणी घटतं, चरबीचा वाटा वाढतो. हे औषध चरबीत दडून बसतं. यकृतही मंदावतं. म्हणजे कालची उतरायच्या आत आजची येऊन बसते. वर म्हातारा मेंदू थोडक्यातच गुंगतो."

मी मांडीवर थाप मारली. "व्याही! गिऱ्हाईक दहाव्यांदा आलं तरी नव्याने मोजता. आणि स्वतःला?"

मास्तर ओशाळून हसले आणि पाकीट केराच्या डब्याकडे न्यायला लागले.

"थांबा!" बाई कडाडल्या. "एकदम सोडली तर अंगाशी येईल. मी सांगेन तशी, हळूहळू."

मग पाऊण, अर्धी, पाव. मधे झोप रुसली, चिडचिड झाली, घरच्यांनी बोलणी खाल्ली. पण ऋतू पालटला आणि मास्तरांनी भिंत सोडली! त्याच गिऱ्हाइकाला त्यांनी दुसरा कोट शिवून दिला. बाही अशी बसली, की गडी आरशापुढून हलेना. जावयाने तर केव्हाच कात्री परत दिली होती. आता लाडात येऊन म्हणाला, "बाबा, मलाही एक कोट शिवा. माप आहेच तुमच्याकडे, लग्नातलं."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, लेकाच्या पोटाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "हात वर कर, लेका. जुन्या मापावर विसंबून मीच पार उसवत आलो होतो. तुझा कोट तरी नव्या मापाने होऊ दे!"