वार्निश लावलेला सोनकिडा

संग्रहालयात त्यांना सगळे भुंगेबाई म्हणत आणि त्यांना ते आवडायचंही. उभा जन्म त्यांनी सोनकिडे ओळखण्यात घालवला. हे चकचकीत हिरवे-तांबडे भुंगेरे, यांच्या अळ्या लाकूड पोखरतात. नवशिके रंगावर भाळतात. बाई मात्र आधी किडा उताणा करत, कारण रंग उजेडाप्रमाणे बदलतो, पोटावरच्या खुणा बदलत नाहीत.

अशा बाईंचा नवरा सुतार. हात थरथरू लागले तरी लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी त्यांनी हट्टाने पाळणा केला. यानंतर हत्यारं कायमची पेटीत जाणार होती. लेक पाळणा न्यायला आली आणि नेमका त्याच सकाळी दांडीतून एक सोनकिडा बाहेर पडला. तिच्या सासूबाईंनी फोनवर बजावलं, "किडकं लाकूड घरात नको."

सुतारांनी त्या किड्याची डबी बायकोपुढे ठेवली. "घरभर पसरणारा असेल तर मीच पाळण्यावर करवत चालवतो. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

किडा लखलखत होता. जरा जास्तच.

"अहो, याला काय केलंत?"

"मळकट दिसत होता. वार्निशचा एक हात मारला."

बाईंनी कपाळाला हात लावला. पाठीवरची भुकटी, बारीक केस, रेघा, सगळं वार्निशखाली गडप झालं होतं. त्यांनी तो उलटा केला. पोट कोरडं होतं.

"खालून कोण बघतं?" सुतार ओशाळले.

"जन्मभर मी दुसरं काय बघत आले?"

भिंगाखाली पोटाच्या टोकाची खाच दिसली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. "हा उभ्या झाडावर नाहीतर साल असलेल्या ओंडक्यावर अंडी घालतो. तासलेल्या सुक्या लाकडाकडे फिरकत नाही. अळी झाडातच होती, फळीत सावकाश वाढली."

सुतारांचा चेहरा खुलला. इथे थांबायचा बाईंना फार मोह झाला.

"पण आत आणखी एखादा असू शकतो," त्या म्हणाल्या. "पाळण्याला धोका नाही. तो बाहेर कधी निघेल, ते सांगता येणार नाही."

लेक पोट सांभाळत उठली, तिने दांडीवरून हात फिरवला आणि सासरी फोन लावला.

"आईने ओळखलंय त्याला," ती म्हणाली. "बाबांचा पाळणा घेऊन येतेय."