बिनक्लचची गाडी पन्हाळ्यावर

पन्हाळ्याला मी एकटा निघालो, हीच माझ्यापुरती मोठी बातमी होती. लहानपणी पोलिओनं डावा पाय अधू झाला. पन्नाशीपर्यंत मी कायम दुसऱ्याच्या शेजारी बसून फिरलो. मग डाव्या पायाचं काम न पडणारी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. दोन हजार सालच्या सुमारास अशी बिनक्लचची गाडी क्वचितच दिसे. वाटेत बंद पडली तर कोण धावेल, असं म्हणत भावानं ती विकायचा लकडा लावला होता. ट्रकवर घालून आणावी लागली असती, तर त्याचंच खरं ठरलं असतं.

पुणे-कोल्हापूर झकास पार पडलं. पन्हाळ्यावर तटाशी बसून झुणका-भाकर आणि खर्डा (ठेचलेली हिरवी मिरची) खाल्ला. दरीतून धुकं वर चढत होतं. घोळक्यानं आलेले लोक फोटो काढायला कॅमेरा माझ्या हाती देत होते. माझा फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही, आणि मीही म्हणालो नाही.

गाडीपाशी परत येऊन किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण स्टार्टर हूं की चूं करीना. लगेच चार-पाच जण बाह्या सरसावून मागे उभे राहिले.

"पावणं (पाहुणे), गिअर टाका, ढकलतो की."

ही ढकलून सुरू होत नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडले. पण मदत करायची ठरवल्यावर कोल्हापूरकर थांबतो थोडाच! त्यांनी ती ढकलून निदान सावलीत लावली.

त्यांच्यातल्याच एकानं फोन केल्यावर कोल्हापुरातून मेकॅनिक शिवाप्पा आले. त्यांनी आधी स्टार्टरला दोष दिला. बॅटरीची वायर थेट जोडताच तो फिरला, म्हणजे तो निर्दोष. मग माझं लक्ष गेलं, की गिअरची दांडी 'पार्क'वर असूनही स्टिअरिंगसमोरचा 'पार्क'चा दिवा लागत नव्हता. दांडी कुठं आहे हे कळल्याशिवाय गिअरचा कंट्रोल बॉक्स इंजिन सुरूच होऊ देत नाही, आणि ते कळवणारा स्विच बिघडला होता. शिवाप्पांनी गाडीखाली शिरून त्याचा प्लग पुसला. मी दांडी न्यूट्रलला धरून किल्ली फिरवत राहिलो. अखेर इंजिन सुरू झालं.

नवा स्विच पुण्यातच मिळणार होता, तोवर इंजिन बंद करायचं नव्हतं.

"एकटंच हायसा," शिवाप्पा म्हणाले. "मी येऊ काय साताऱ्यापत्तोर? तितनं यष्टीनं येतो की माघारी."

मी नको म्हणालो. एकट्यानं परतायची हौस होती ना!

ती हौस कराडपर्यंतच टिकली. चहाची तल्लफ आली, पण इंजिन चालू ठेवून गाडीत बसवायला कुणी नव्हतं. हॉटेलं मागे पडत गेली. फार एकटं वाटलं.

पुण्यात दारात इंजिन बंद केलं. जमलं, हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. भावाला फोन केला तर बिघाडावरूनच सुरुवात झाली असती. मग शिवाप्पांनी निघताना दिलेल्या नंबरवर त्यांना फोन लावला.

"पोचलासा न्हवं?" ते म्हणाले. "जेवलासा काय?"

बऱ्याच दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.