सगळ्यांनी 'हो' म्हटलेला प्रश्न

आमची मावशी कॉलेजात समुपदेशक. पोरं तिला मागून 'समजूतबाई' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. जिन्याखालची खोली, दोन-तीन खुर्च्या, दाराला आतून कडी नाही. वरून कोणी धावत गेलं की आत बोलणारं माणूस मधेच थांबतं.

ती खोली परीक्षा विभागाला उत्तरपत्रिका ठेवायला हवी होती. प्राचार्य म्हणाले, मुलांना मार्गदर्शनाची खरंच गरज आहे हे प्रमाणित प्रश्नावलीने दाखवा, नाहीतर खोली सोडा. मावशीने कंबर कसली. प्रश्न लिहिले, अनुभवी शिक्षकांकडून एकेक तपासून घेतला, मग वर्गावर्गांतून भरून घेतले. घरात आम्हीही सुटलो नाही. निवृत्त काकांनी 'अभ्यासात मन लागत नाही' यापुढे 'पूर्णपणे सहमत' अशी खूण केली.

आकडेमोड संख्याशास्त्राच्या सरांकडे. भला माणूस, पण आकड्यांपुढे सख्ख्या भावाचीही गय न करणारा. त्यांनी एका प्रश्नावर काट मारली: 'अडचण आली तर कोणाशी बोलावं, हे मला कळत नाही.'

मावशी म्हणाली, "अहो, याला तर झाडून सगळी मुलं हो म्हणालीत."

"म्हणूनच. सगळेच हो म्हणाले तर गरजू कोण, हे वेगळं कसं कळणार? असा प्रश्न ठेवत नाहीत."

"अख्खा वर्ग बुडतोय, सर."

"असेल. पण प्रश्न नापास आहे."

नियम खरा होता. प्रश्नावली मुलामुलांतला फरक मोजायची. दुःख सगळ्यांचं सारखं असलं की तिच्या लेखी ते नसल्यात जमा. मावशीने विनवण्या केल्या, शेवटी प्रश्न काढला. त्याच्या जातीचे आणखी काही गेले. उरलेली प्रश्नावली कसोटीला अशी उतरली की सरांनी स्वतःहून चहा पाजला.

प्राचार्यांनी अहवाल वाचून अभिनंदन केलं. प्रश्नावली उत्तम. आणि त्याच उत्तम प्रश्नावलीनुसार गरजू मुलं अगदी मोजकी. तेवढ्यांसाठी खोली कशाला? मावशी काढून टाकलेल्या प्रश्नांचं गयावया करत सांगू लागली. ते म्हणाले, "बाई, नापास प्रश्नांच्या जोरावर खोली मागताय?"



शिपाई उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन आला तेव्हा आत एक मुलगी रडत बसली होती. मावशीने त्याला दाराबाहेर थोपवलं, पण गठ्ठे जड होते, तोही किती वेळ उभा राहणार? शेवटी मुलगीच उठली. डोळे पुसले, आणि एक गठ्ठा आत घ्यायला तिने हात लावला.