पाय धुण्याचा कार्यक्रम

“टी-शर्ट काढून घरचा ड्रेस घालून ये. रोजचाच. नवा नको.”

हे मला ब्रदर म्हणाले. मे महिन्यात, नांदेडात, आमच्याच वस्तीत, सगळ्या टीमसमोर. माझ्या अंगात निळा टी-शर्ट होता. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत ‘सेवक’. पुण्याहून आलेल्या पोरापोरींच्या अंगातही तोच होता. त्यांना कुणी बदलायला सांगितलं नाही.

“का?” मी विचारलं.

“आज तुला खुर्चीत बसायचंय,” ब्रदर हसून म्हणाले. “मोठा मान आहे हा.”

ब्रदर म्हणजे पुण्याच्या एका ख्रिस्ती संस्थेचे समन्वयक. ही संस्था दर उन्हाळ्यात कॉलेजची पोरं गरीब वस्त्यांत आणते. महिनाभर ती मुलांना गाणी शिकवतात, चित्रं काढून घेतात, इंग्रजी बोलायला लावतात, केळी वाटतात. याला इंटर्नशिप म्हणतात. त्या वर्षी मीही अर्ज केला. बी.ए. झाले होते, मुलाखत दिली, निवड झाली. निवड झाली म्हणजे मी टीममधली, अशी माझी समजूत.

आमचं घर ख्रिस्ती. आजोबा उदगीरकडचे, तिथंच त्यांनी धर्म घेतला. गल्लीतली बाकी घरं बहुतेक बौद्ध. जयंतीला आम्ही त्यांच्या पंगतीत, नाताळला ते आमच्या ओट्यावर. धर्माची भानगड आमच्या गल्लीत कधी झाली नाही. झाली ती नळाच्या पाण्याची.

टीममध्ये सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणत. मला नावानं हाक मारत. दुपारी ते चर्चच्या हॉलमध्ये जेवायला बसत आणि मला म्हणत, “तुझं घर तर इथंच आहे ना!” घर इथंच होतं. त्यामुळं भांडायला काही सापडायचं नाही.

मी सोसत होते, त्याला कारण होतं. जूनपासून वस्तीत मुलांचा कायम वर्ग सुरू होणार होता आणि त्यावर पगारी शिक्षिका म्हणून मला घेऊ, असा शब्द ब्रदरनी दिला होता. माझी आई एका खासगी दवाखान्यात आया. तीन मजले, लिफ्ट फक्त पेशंटला. तिचे गुडघे कधीच संपले होते. मला पगार सुरू झाला की ती घरी बसणार, हे आमच्यात ठरलेलं होतं.

शेवटच्या दिवशी देणगीदार पाहुणे येणार होते. त्यांच्यासोबत आम्ही मुलांचे पाय धुणार होतो. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. ही गोष्ट मला लहानपणापासून आवडते. गुरूच खाली वाकतो, ही भारीच कल्पना आहे. मी मनात सोनूला निवडून ठेवलं होतं. सोनू सहा-सात वर्षांची, सगळ्यांना मारते, पाय एका जागी ठरत नाहीत. म्हटलं, हिचे पाय आपण धुवायचे.

सकाळी मंडपवाल्याकडून पितळेच्या पराती आल्या, लग्नात नवरदेवाचे पाय धुतात तसल्या. सोनूनं विचारलं, “ताई, लगीन कुणाचं हाय?”

पाण्याचे जार आले. मुलं महिनाभर ड्रममधलं कोमट पाणी पीत होती. पाय धुवायला मात्र फिल्टरचं गार पाणी, कारण ते फोटोत स्वच्छ दिसतं.

आणि मग मुलं आली. चकचकीत. बायांनी पहाटे उठून पोरांना आंघोळी घातल्या होत्या, जयंतीचे कपडे काढले होते, आणि पाय तर वजरीनं घासून लाल केले होते. पाहुणे पायाला हात लावणार म्हटल्यावर घाण पाय न्यायचे कसे? त्यांच्या दृष्टीनं सरळ गोष्ट होती.

ब्रदरनी रांगेतले पाय बघितले. तोंड उतरलं. फोटोवाल्याला म्हणाले, “यात काय दिसणार?” मग टाळ्या वाजवून म्हणाले, “चला मुलांनो, खो-खो! चपला काढून!”

मेच्या उन्हात, अनवाणी, धुळीत. पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत पळत होती. सोनूची आई कुंपणाशी उभी होती. ती ओरडली, “आवो, आत्ताच तर धुतले व्हते की! काय करून राहिले तुमी?”

खो-खो चालूच राहिला. मी निळा टी-शर्ट घालून चपला गोळा करत होते.

पाय पुरेसे मळले. मग ब्रदर माझ्याकडं वळले. पाहुण्या मॅडमना एका तरुण मुलीचे पाय धुवायचे होते. वस्तीतल्या.

“पण ब्रदर, मी टीममध्ये आहे.”

“आहेसच. पण वस्तीतलीही आहेस ना?”

घरी गेले. आई रात्रपाळी करून पडली होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग बस की. पाण्यात पाय घालायला काय जातंय तुझं? ऊन बी लई हाय.” मग कूस बदलून म्हणाली, “जूनचं ध्यानात ठिव.”

जूनचं ध्यानात ठेवलं. दोरीवरचा विटका पंजाबी ड्रेस घातला, अनवाणी चालत आले आणि खुर्चीत बसले. महिन्यात पहिल्यांदा मला खुर्ची मिळाली होती.

मॅडम आल्या. चेहरा खरोखर प्रेमळ होता, हे लिहिलं पाहिजे. त्यांच्या गुडघ्यांखाली कुणीतरी उशी सरकवली. फोटोवाला मला म्हणाला, “मान जरा खाली. थोडं भारावल्यासारखं.”

मी मान खाली घातली. तेव्हा उशी दिसली. मखमली. आई दवाखान्यात रोज फरशीवर बसून पेशंटचे पाय पुसते. तिच्या गुडघ्यांखाली आजवर कुणी फडकंसुद्धा ठेवलेलं नाही. तिचा फोटोही कुणी काढत नाही. तिच्या वाकण्याला नोकरी म्हणतात. या वाकण्याला नम्रता म्हणतात.

मॅडमचा हात घोट्याला लागला. मी पाय वर घेतले.

“मॅडम, आधी तुम्ही बसा. तुमचे मी धुते. मग माझे तुम्ही धुवा.”

त्या गोंधळल्या. “अगं, नको नको! तू माझे पाय धरायचे? मला कसंतरीच होईल.”

“मलाही तसंच होतंय.”

ब्रदर जवळ आले. हळूच, दातांतून म्हणाले, “ते बरं दिसणार नाही.”

“कुणाला?”

कुंपणाजवळून सोनूच्या आईचा आवाज आला, “बसा की मॅडम! पाणी गार हाय!” बाया हसल्या. मोठ्यानं. मॅडम लाल झाल्या, हाताला धरून त्यांना उठवावं लागलं. खुर्चीत मात्र त्या बसल्या नाहीत. टीममधलंही कुणी बसलं नाही. महिनाभर प्रत्येकानं मला सांगितलं होतं की आपण सगळे समान. खुर्ची रिकामी होती आणि समान माणसांतलं एकही पुढं येईना.

तेवढ्यात सोनूनं जारखाली ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्यायली. मग सगळीच पोरं जारवर तुटून पडली. त्या पाण्याचा तेवढाच उपयोग बरोबर झाला.

“तुझ्यात नम्रता नाही,” जाताना ब्रदर म्हणाले.

“आहे ब्रदर. घराण्यातच आहे. म्हणून तर ओळखू येते.”

जूनमध्ये वर्ग सुरू झाला नाही. नोकरी गेली. आई आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. मग एकदा पायाला तेल चोळता चोळता म्हणाली, “मला तरी कुणी कधी म्हणलं का, आधी तुमी बसा म्हणून?” एवढंच. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. अजून जाते. तीन मजले अजून चढते. माझ्या त्या एका वाक्याची किंमत तिचे गुडघे भरतायत. हे मी गोड करून सांगणार नाही.

तरी ते वाक्य मी परत घेणार नाही.

रविवारी चर्चला जाते. प्रभूनं पाय धुतल्याची ती गोष्ट मला अजून आवडते. ती उशीवाल्यांना मी का सोडू? संध्याकाळी विहाराच्या ओसरीवर मुलांचा वर्ग घेते. पोरं चपला घालून येतात, कुठल्याही कपड्यांत येतात. फोटो काढू देत नाही. परवा एका दुसऱ्या संस्थेचे लोक आले होते, मुलांसाठी काही करायचंय म्हणाले. मी म्हटलं, करा, सतरंजीवर जागा आहे. ते उभ्यानंच बोलून गेले.

पुन्हा उन्हाळा येईल. पराती येतील, जार येतील, उशी येईल. येऊ द्या. ओसरीवर मी एक खुर्ची ठेवली आहे. माझ्या वस्तीतल्या कुणाचेही पाय धुवायचे असतील, तर त्या खुर्चीत आधी तुम्ही बसायचं. चपला काढून, आमच्या देखत. बसणार नसाल, तर पाण्याला हात लावायचा नाही.