एकसष्ट टक्के

आमच्या रूम पार्टनरला ‘काय, कसं काय?’ असं विचारण्याची चूक सोलापुरात कोणी दोनदा केलेली माझ्या ऐकिवात नाही. कारण तो खरोखर सांगतो. बाकीचं जग ‘बरं आहे’ म्हणून पुढे सटकतं. हा सायकल स्टँडवर लावतो, क्षणभर विचार करतो आणि ‘सकाळी डोकं दुखत हुतं, उजव्या अंगाला. आता न्हाय. पर दुपारी परत दुखंल असं वाटतंय’ इथून सुरुवात करून आतड्यांपर्यंत येतो. विचारणारा बिचारा दूध आणायला निघालेला असतो. शुक्रवार पेठेतल्या माडीवरच्या एका खोलीत मी या गृहस्थाबरोबर एकूण सात वर्षं काढली, आणि त्या सात वर्षांत त्याने मला एकदाही ‘साधारण’ वेळ सांगितली नाही. ‘सात त्रेचाळीस. पर माझं घड्याळ दोन मिंटं पुढं हाय, तवा एक्केचाळीस धर,’ असं म्हणायचा. खानावळीतल्या मावशींनी ‘चटणी कशी झालीय?’ असं कौतुकाने विचारलं की आमचा घास घशात अडकायचा. ‘लसूण बराबर हाय, मीठ सोमवारच्यापेक्षा जास्त,’ असा निकाल यायचा आणि दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच भाकरी जरा करपलेली मिळायची.

एफ. वाय.ला रसायनशास्त्र घ्यायला आम्ही एकाच दिवशी सोलापुरात उतरलो. मी जेऊरहून रेल्वेने आलो, तो सांगोल्याकडच्या एका कोरड्या गावातून एस.टी.ने, पत्र्याची ट्रंक आणि एक घोंगडं घेऊन. माझे वडील शाळेत क्लार्क, त्यामुळे कागदावर काय कसं ‘बसवायचं’ हे ज्ञान मला घरातूनच मिळालेलं. त्याच्या घरी मेंढरं. त्याचे वडील रोज संध्याकाळी कळप मोजायचे आणि एखादं कमी भरलं तर कंदील घेऊन माळावर जायचे. ‘मोजायचं ते किती हायती ते कळाया. किती पायजेत ते म्हाईतच असतंय की,’ असं ते म्हणायचे. हे वाक्य त्याने मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. मी हसलो. पुढे प्रॅक्टिकलची परीक्षा आली तेव्हा हसू आवरतं घ्यावं लागलं.

पहिल्या वर्षी टायट्रेशन नावाचा एक प्रकार असतो. वर काचेची लांब नळी, म्हणजे ब्युरेट, आणि खाली फ्लास्क. थेंब थेंब सोडायचं, रंग पालटला की थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. असं तीनदा करायचं आणि तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. आमच्या हातून ते येत नसत. म्हणून पहिला आकडा ब्युरेटमधून आणि उरलेले दोन पेनातून आणायचे, ही विद्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे परंपरेने चालत आलेली होती. परीक्षेत सगळ्या वर्गाचे आकडे तिन्ही वेळा सारखे, आणि याचे नऊ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक नऊ, नऊ पूर्णांक सहा. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “अहो, कॉन्स्टंट रीडिंग कुठंय?”

“आलं न्हाय, सर.”

“मग आणायचं की!”

“कुठनं?” त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. परीक्षकांना तो उद्धटपणा वाटला आणि पठ्ठ्या काठावर पास झाला. मी वर्गात दुसरा आलो.

त्याचं प्रॅक्टिकलचं जर्नल हा तर एक स्वतंत्र ग्रंथच होता. आम्ही लिहायचो, ‘मिश्रण दोन तास ढवळले.’ हा लिहायचा, ‘मिश्रण एक तास पन्नास मिनिटे ढवळले. मधली दहा मिनिटे वीज नव्हती. अर्धा चमचा माल टेबलावर सांडला. मी शिंकलो होतो.’ एकदा तर ‘या वेळी मी झोपलो नव्हतो, परंतु डोळे मिटलेले होते’ अशीही नोंद होती. तपासणाऱ्या मॅडमनी त्याखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं. याने त्या प्रश्नचिन्हाखाली उत्तर लिहिलं, ‘उन्हाळ्यामुळे.’ आता सोलापूरच्या मे महिन्यात प्रयोगशाळेत इथरची बाटली उघडली की इथर आपल्याआधी घरी जातं, तिथे माणसाचे डोळे मिटले तर नवल नाही, पण ते लिहायचं कशाला? लग्नासाठी मामांनी बायोडाटा करायला सांगितला तेव्हा सगळे लिहितात तसं ‘रंग निमगोरा’ न लिहिता त्याने ‘काळा’ लिहिलं, आणि ‘केस’ असा रकानाच नसताना स्वतःहून रकाना आखून ‘कमी होत आहेत’ असं भरलं. मामा दोन महिने बोलत नव्हते.

एम. एस्सी. झाल्यावर वडिलांचा पाय मोडला म्हणून तो दोन वर्षं गावी मेंढरांमागे राहिला. मी मात्र लगोलग पीएच.डी.ला नाव घातलं. आता जे सांगायचंय ते मला जड आहे, पण त्याच्याबद्दल लिहायचं तर टाळता येत नाही. माझ्या कामातला मुख्य पदार्थ म्हणजे एक पिवळे स्फटिक. जेवढा माल घातला त्यातून पदरात किती पडला, याला आम्ही यील्ड म्हणतो. माझं यील्ड एकोणसाठ टक्के येत होतं. आमचे गाईड, म्हणजे सर, म्हणाले, “बघ, चांगल्या ठिकाणी पेपर छापायचा तर ऐंशीच्या वर दिसायला हवं.” त्यांनी एवढंच म्हटलं, बाकीचं माझं कर्तृत्व. एका दुपारी मी स्फटिक पुरते वाळायच्या आत, ओलेच तोलले. भरले अठ्ठ्याऐंशी टक्के. तोच आकडा लिहिला. तोललं तर खरंच होतं ना, अशी मनाची समजूतही काढली. पेपर छापून आला, पदवी मिळाली आणि पदवीच्या जोरावर इथल्याच एका कॉलेजात नोकरी लागली.

माझं काम संपत आलं होतं तेव्हा पार्टनर परत आला, पुन्हा त्याच खोलीत राहिला आणि त्याच सरांकडे रुजू झाला. त्याचा विषय काय, तर माझ्या पिवळ्या स्फटिकांपासून पुढचे पदार्थ करायचे. म्हणजे आधी माझे स्फटिक करणं आलं. त्याने केले. आले एकसष्ट टक्के. माझी कृती समोर ठेवून पुन्हा केले. साठ. मी लग्न करून दुसरीकडे राहायला गेलो तेव्हा हा बाराव्या वेळेला होता. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे प्रयोगशाळेत कंडेन्सर, म्हणजे वाफ निववणारी नळी, थंड ठेवायला बादली आणि कूलरचा पंप लावायचा. बादलीतलं पाणी कोमट होतं म्हणून माल उडून जात असेल, अशी त्याला शंका आली. मग तो गोळेवाल्याकडून सायकलवर बर्फाची लादी आणू लागला. रासबेरी आणि काला खट्टा मागणाऱ्या पोरांच्या रांगेत उभा राहून हा ‘नुसता बर्फ द्या, पाच किलो’ म्हणायचा. बर्फाने एकसष्टचे एकसष्टच राहिले. मग त्याने भांडी बदलली, तराजू तपासून घेतला, आणि शेवटी एकदा माझ्या घरी येऊन मला म्हणाला, “तुझे हात दाव.” मी दाखवले. त्याने ते उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, “माझी बोटं जाड हायती. त्येनंच हुतंय.”

माझी बायको हसली. मीही हसलो. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

गावाने त्याला डॉक्टर करून टाकलं होतं. तो सुट्टीला गेला की लोक लंगडी मेंढरं घेऊन दारात यायचे आणि हा सगळ्यांना सांगायचा, “मी अजून डॉक्टर न्हाय. आन् झालो तरी त्यो न्हवं.” वडील मात्र ऐकायला तयार नव्हते. पोराचा थिसिस व्हायचा तेवढा राहिलाय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि तो होत नव्हता. पुढचे पदार्थ करून झाले होते, अडलं होतं ते पहिल्याच आकड्यापाशी. एकतीस वेळा झालं. एकतीस बाटल्या, प्रत्येकीवर नंबर आणि टक्के, खिडकीत ओळीने. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. शेवटी सर वैतागले. “अरे, छापलेलं आहे ना अठ्ठ्याऐंशी? तेच लिही आणि सबमिट कर. नाहीतर पुढच्या महिन्यात तुझं रजिस्ट्रेशन रद्द.” तो म्हणाला, “सर, मला आलं न्हाय ते मी कसं लिवू?”

हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजातले तास सोडून सरळ प्रयोगशाळेत गेलो. तो बादलीत बर्फ फोडत होता, बत्तिसाव्या वेळेसाठी. मी दार लावून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं, की ते अठ्ठ्याऐंशी खोटे आहेत, मी ओला माल तोलला होता. त्याने हातोडी खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलेल. चार वर्षं गेली होती त्याची.

“वाळवल्यावर किती भरलं हुतं?” त्याने विचारलं.

“एकोणसाठ.”

त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की मला तिकडे बघवेना. “एकोणसाठ? आरं, माझं एकसष्ट हाय की!” तो खिडकीतल्या बाटल्या एकेक करून दाखवू लागला. “म्हंजी माझं बराबर हुतं. पहिल्यापास्नं बराबर हुतं!” मी रडत होतो आणि तो माझ्या पाठीवर ओल्या, गार हाताने थापा मारत होता.

थिसिसमध्ये त्याने एकसष्टच लिहिलं. सरांनी मुदतीच्या भीतीने सही केली. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी सभागृह भरलं होतं. पुढे त्याचे वडील नवा पटका बांधून बसलेले, तिसऱ्या रांगेत मी. बाहेरगावच्या परीक्षकांनी पानं उलटली आणि नेमकं तेच विचारलं. “आधीच्या पेपरात याच कृतीला अठ्ठ्याऐंशी टक्के दाखवलेत. तुमचे एकसष्ट. फरक का?”

त्याने पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठायला हवं होतं. ‘सर, तो आकडा माझा आहे आणि तो चूक आहे,’ एवढंच म्हणायचं होतं. माझ्या नोकरीची कायमची ऑर्डर अजून यायची होती. मी बसून राहिलो.

“सर,” तो म्हणाला, आणि भर सभेत इंग्रजी सोडून त्याची गावची बोली बाहेर आली, “त्येचा हात लई चांगला हाय. माझा तेवढा न्हाय.”

सगळे हसले. परीक्षकही हसले, ‘विनयी आहे हो’ म्हणाले आणि पुढे गेले. त्याचे कान लालबुंद झालेले मला तिसऱ्या रांगेतून दिसत होते. त्याला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाहेर त्याचे वडील ज्याच्या-त्याच्या हातात पेढे कोंबत होते. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “खरं का नाही सांगितलंस?”

“मी तुज्याकडं बघितलं की. अकरा सेकंद,” तो म्हणाला. “तू उठला न्हाईस. मंग म्हटलं, ह्येला जड जातंय.” यात राग नव्हता. त्याने जे पाहिलं ते सांगितलं, इतकंच.

तो आता मंगळवेढ्याकडच्या एका कॉलेजात शिकवतो. मला दोन वर्षं लागली, पण मागच्या महिन्यात पेपर छापणाऱ्यांना मी पत्र पाठवलं, की अठ्ठ्याऐंशी चूक आहे, एकोणसाठ वाचावे. सरांनाही सांगितलं. काय व्हायचं ते होईल. मग त्याला फोन केला. त्याच्या मागे कुठेतरी मेंढरं ओरडत होती.

“हलकं वाटतंय का आता?” त्याने विचारलं.

“वाटतंय.”

“पुरतं?”

मी जसं होतं तसं सांगितलं. “नाही रे. पुरतं नाही.”

“व्हय,” तो म्हणाला. “मलाबी न्हाय.”